पाहुण्यांचे बारा कप

"मावशी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

हे मीच म्हणाले. फोटोग्राफरनं नाही सांगितलं, मालकानं नाही, मी सांगितलं. बारा वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की अजून स्वतःच्याच मुस्काटात द्यावीशी वाटते.

चंद्राक्का भोरे तेव्हा दोन्ही हातांच्या बोटांत मिळून आठ कप अडकवून भिंतीपुढं उभी होती. पन्नाशीची काटक बाई, ऑफिसच्या साफसफाईला असलेल्या बायकांतली सगळ्यांत जुनी. ती चटकन सरकली. "हुतो की बाजूला. मला कुठं फोटूत यायचंय?" आमच्या कोल्हापुराकडं बायकासुद्धा आलो-गेलो असंच बोलतात, त्यात नवल काही नाही.

फोटो ज्या भिंतीचा काढायचा होता ती माझी लाडकी भिंत. गोकुळ शिरगावला रणधीर सासन्यांची फौंड्री होती आणि तिच्या शेजारीच त्यांनी नवं ऑफिस बांधलं होतं. आतली सगळी मांडणी माझ्याकडं. मी मृणाल मगदूम, तेव्हा चौतीस वर्षांची. राजारामपुरीत भाड्याची एक खोली आणि हाताखाली दोन मुली, एवढा माझा पसारा. रणधीरसाहेबांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, "मगदूम मॅडम, मला काचेचं दिखाऊ खोकं नको. वीज कमी, पाणी कमी, कचरा शून्य. आणि माणसं सगळी सारखी. मीसुद्धा केबिनमध्ये बसणार नाही."

असं बोलणारं गिऱ्हाईक आमच्या धंद्यात वर्षातून एकदाही भेटत नाही. मी हुरळले आणि जीव ओतला. फौंड्रीच्या माळ्यावर जुने सागवानी साचे धूळ खात पडले होते. वाळूत दाबून ओतकामाचा आकार घ्यायचे ते साचे, चाळीस-चाळीस वर्षांचे. त्यांची टेबलं केली. उत्तरेचा उजेड असा आत घेतला की संध्याकाळी पाचपर्यंत दिव्याला हात लावायला नको. छपराचं पाणी मागच्या टाकीत नेलं. पाहुण्यांच्या गळ्यात घालायचे बिल्लेसुद्धा रद्दीच्या लगद्याचे केले आणि त्यात तुळशीचं बी घातलं.

आणि कागदी कप बंद केले. त्यांच्या जागी प्रत्येकाला चिनी मातीचा एक कप, त्यावर त्याचं नाव, आणि पँट्रीच्या भिंतीवर साच्यांच्याच लाकडाच्या खुंट्या. दोनशे बारा माणसं, दोनशे बारा खुंट्या. मालकाचा कप स्टोअरमधल्या कारकुनाच्या कपाला लागून. पुण्याच्या एका मासिकानं या भिंतीसाठी खास फोटोग्राफर पाठवला होता, आणि मी चंद्राक्काला बाजूला व्हायला सांगितलं.

फोटो झाल्यावर मी मागची टाकी बघायला गेले. टाकीच्या कट्ट्यावर चंद्राक्का आणि आणखी तिघीजणी चहा पीत बसल्या होत्या. मला बघून सगळ्या उठायला लागल्या.

"बसा बसा," मी म्हटलं. मग माझं लक्ष गेलं. चौघींच्या हातात जेवणाच्या डब्यांची झाकणं होती. स्टीलची, पसरट. झाकणानं हात पोळू नये म्हणून चंद्राक्कानं खाली पदराची चुंबळ केली होती.

"अहो, झाकणात काय पिताय?"

"मग कशात पिऊ?"

"कप कुठाय तुमचा?"

"कंचा कप?" चंद्राक्का म्हणाली. तिनं टोमणा मारला नव्हता, तिला खरंच प्रश्न पडला होता. "आदी कागदाचा कप हुता. सायेब बी त्यातच प्यायचं, आमी बी त्यातच. तुमी त्यो बंद क्येलासा. चांगलं क्येलासा, पोत्यानं कचरा निघायचा, मीच भरायचो की. पर नवं कप वाटलं तवा आमचं नावच न्हाई त्यात. आमी ठेकेदाराची माणसं, न्हवं का!"

"पाहुण्यांसाठी डझनभर जास्तीचे आहेत ना?"

"देशिंगकर सायबांनी सांगितलंय, त्ये पावण्यास्नी. धुवायचं आनि फडताळात ठेवायचं." ती एक घोट घेऊन थांबली. "आनि बाई, त्यो नळ तेवढा बगा वो. पाणी वाचीवतोय म्हनं. सुतागत धार येती. दोनशे बारा कप धुईस्तोवर माझा जीव जातोय, त्यो कोण वाचीवणार?"

तिघी खो-खो हसल्या. मीही हसल्यासारखं केलं, पण कानशिलं तापली होती. चूक कुठं झाली ते मला तिथल्या तिथं कळलं होतं. काम सुरू करताना मी देशिंगकरांकडं माणसांची यादी मागितली, त्यांनी पगारपत्रक दिलं, आणि मी त्यावरची नावं मोजून खुंट्या काढल्या. दोनशे बारा कप रोज धुणार कोण, हे मला एकदाही सुचलं नाही. पाच वर्षं कॉलेजात काय दिवे लावले होते देव जाणे.

देशिंगकर म्हणजे ऑफिसचे मॅनेजर. पंचावन्न वर्षांचे, इस्त्रीचा बुशकोट, बोलणं लोण्यासारखं. मी तशीच त्यांच्या टेबलापाशी गेले.

"साफसफाईची, बागेची आणि गेटवरची मिळून किती माणसं आहेत?"

"एकोणीस. का हो?"

"त्यांना खुंट्या नाहीत. ती झाकणात चहा पितात. आणि बायका जातात कुठं? ऑफिसातलं स्वच्छतागृह वापरतात का?"

"नाही नाही, त्यांना फौंड्रीच्या मागं आहे की सोय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, तुम्ही कलावंत माणूस. ठेकेदाराची माणसं आपल्यात धरत नाहीत. ती इमारत वापरत नाहीत, ती इमारतीची देखभाल करतात."

पण खरी गोम पुढं होती. या इमारतीला पर्यावरणाचा वरच्या दर्जाचा दाखला हवा होता आणि त्यासाठी तीन आठवड्यांनी पुण्याहून तपासणी येणार होती. अर्जात एक रकाना होता: इमारत वापरणाऱ्यांची एकूण संख्या. माणशी पाणी किती, माणशी मोकळी हवा किती, बायकांची स्वच्छतागृहं किती, जेवायला जागा किती, सगळं गणित त्या आकड्यावर. दोनशे बारा लिहिलं की वरचा दर्जा. दोनशे एकतीस लिहिलं की स्वच्छतागृह एक कमी पडणार, जेवणाची जागा कमी पडणार आणि दाखला खालच्या पायरीवर घसरणार. खाली सही मांडणी करणाऱ्याची, म्हणजे माझी.

तीन आठवडे मी हो-ना करत राहिले. तपासणीच्या आदल्या दिवशी रणधीरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. मोठ्या टेबलावर अर्ज होता, आकडा आधीच भरलेला.

"मॅडम, देशिंगकर सांगत होते तुमची काहीतरी शंका आहे."

"एकोणीस माणसं राहिलीत, साहेब."

"ती ठेकेदाराची. कायद्यानं आपली नाहीत. मी काही चोरी करा म्हणत नाही." ते दिलखुलास हसले. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही कबूल करावं लागतं. "कागलची बिल्डिंग याच्या दुप्पट मोठी आहे. ती तुमच्याशिवाय कुणाला द्यायची माझी इच्छा नाही. उद्याचं एवढं नीट पार पडू दे."

राजारामपुरीचं भाडं थकलं होतं. दोन मुलींचे पगार मी उसने आणून दिले होते. हे सगळं मी आता कारण म्हणून सांगतेय, पण त्या वेळी मनात फक्त कागल होतं. सही केली. केली म्हणजे केली, कुणी हात धरला नव्हता. टेबलाच्या पलीकडं चंद्राक्का फरशी पुसत होती. सही होईपर्यंत तिचं फडकं चालू होतं, मग थांबलं.

संध्याकाळी पाचला ती मला गेटपाशी भेटली.

"उद्या सुट्टी दिलीया आमास्नी," ती म्हणाली. "समद्या बायकास्नी. बिनपगारी."

"का?"

"डोकी जास्त दिसायला नगंत म्हनं." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बाई, एक इचारू? ह्या गेटवरच्या वहीत नाव लिवलं आनि गळ्यात बिल्ला घातला की मानूस पावणा हुतो न्हवं?"

"हो."

"कुणीबी?"

"कुणीही."

"मग बरं," ती म्हणाली आणि बस धरायला गेली. मला वाटलं, बाई दुखावलीय, काहीतरी बोलायचं म्हणून बोलली. घरी जाऊन मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पँट्रीतून देशिंगकरांची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. मी धावले. भिंतीवर दोनशे बारा मोकळ्या खुंट्या होत्या आणि मोरीत, ओट्यावर, जमिनीवरच्या टोपल्यांत दोनशे बारा उष्टे कप. आदल्या दिवशीचा साडेचारचा चहा झाला की बायका घरी जायच्या आणि ते कप सकाळी आल्या आल्या धुवायच्या. आज कोण धुणार? शहाण्यांनी डोकी लपवायला बायकांना सुट्टी दिली आणि कपांचं काय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"मॅडम, आता काय करायचं हो? कागदी कप मागवू?"

"दारातच पाटी लावलीय तुम्ही. एकदा वापरून फेकायची वस्तू या इमारतीत येणार नाही."

"मग?"

"मग धुवा की," मी म्हटलं. "देखभाल करा."

माझ्याकडं त्यांनी असं बघितलं, की जणू मी त्यांच्या बुशकोटावर थुंकले. पण तेवढ्यात तपासणीची गाडी आली. सबनीस बाई, साठीच्या, पायात कापडी बूट, हातात वही. सोबत लॅपटॉप घेतलेला एक अबोल इंजिनिअर. देशिंगकरांनी फडताळातले पाहुण्यांचे बारा कप बाहेर काढून ठेवले आणि पँट्रीचं दार ओढून घेतलं.

दीड तास आम्ही हिंडलो. सबनीस बाईंनी टेबलांच्या लाकडावरून हात फिरवला, टाकीत वाकून बघितलं, खिडक्या उघडून मिटून बघितल्या. त्या खुश होत्या. रणधीरसाहेब मला डोळ्यांनीच शाबासकी देत होते आणि मला ती गिळवत नव्हती. साडेअकराला आम्ही स्वागतकक्षातल्या लांब टेबलाशी येऊन बसलो. फौंड्रीच्या कँटीनमधून चहाचा भला मोठा थर्मास आला होता. तेवढ्यात गेटवरचा वॉचमन सदबा आत आला. तोही ठेकेदाराचाच माणूस. चेहरा दगडासारखा.

"सायेब, पावणं आल्यात."

त्याच्या मागून दहा बायका आत आल्या. सगळ्यात पुढं चंद्राक्का. इरकली लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात रोजचीच डब्याची पिशवी. दहाही जणींच्या गळ्यात माझे तुळशीचे बिल्ले. सदबानं गेटवरची वही टेबलावर ठेवली. दहा नावं, गावं, वेळ, आणि 'कुणाला भेटायचे' या रकान्यात दहा वेळा 'मालक'.

देशिंगकर दात दाबून म्हणाले, "चंद्राक्का, आज सुट्टी दिलीय ना तुम्हाला?"

"व्हय की. म्हनून तर आलो. कामाच्या दिवशी पावणं व्हायला सवड कुठं गावती?"

सबनीस बाईंना काहीच ठाऊक नव्हतं. "या ना, बसा," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या शेजारची खुर्ची ओढून दिली. बायका बसल्या. ज्या खुर्च्या त्या रोज पुसायच्या, त्यांवर पहिल्यांदा. कुणी काठावर, कुणी ऐसपैस. आता परक्या माणसांसमोर देशिंगकर करणार काय? पाहुणा दारात आला की त्याला चहा द्यावाच लागतो, कोल्हापुरात तर हमखास. थर्मासची तोटी दाबून त्यांनी स्वतः कप भरले. दहा बायकांचे दहा, तपासणीच्या दोघांचे दोन. बारा झाले.

"साहेब, तुमचा..." असं म्हणत ते थांबले. मालकाला कप उरला नव्हता. मालकाच्या नावाचा कप आत टोपलीत उष्टा पडला होता.

चंद्राक्कानं पिशवीत हात घातला. डबा काढला, झाकण उघडलं, पदरानं लख्ख पुसलं आणि दोन्ही हातांनी रणधीरसाहेबांपुढं धरलं.

"ह्यात घ्या, सायेब. बिनघोर घ्या, सवच्छ हाय. आमी रोज ह्यातच पितो."

सबनीस बाईंनी तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला.

"रोज म्हणजे? तुम्ही इथं काम करता?"

"तर वो! जुन्या हापिसापासनं, चार वर्सं. हितलं दोनशे बारा कप आमीच धुतोय. आमचा तेवढा न्हाई त्यात."

"मग आज..."

"आज सुट्टी. डोकी मोजणारी येणार हुती म्हनं."

देशिंगकर पुढं सरसावले. "बाई, ही ठेकेदाराची माणसं आहेत, त्यांचा इथं तसा..."

"किती आहेत?" सबनीस बाईंनी विचारलं. त्यांनी वही उघडून अर्ज बाहेर काढला होता. "इथं दोनशे बारा लिहिलंय. सही मृणाल मगदूम. तुम्हीच ना?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. रणधीरसाहेब हळूच म्हणाले, "मॅडम, कागलचं लक्षात आहे ना?"

तोपर्यंत मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण ते शब्द ऐकले आणि माझं डोकंच फिरलं. समोर ती बाई मालकापुढं झाकण धरून उभी होती आणि मी शिकलेली, सवरलेली, खुर्चीत मुटकुळं करून बसले होते.

"लक्षात आहे, साहेब," मी म्हटलं. "अर्ज द्या इकडं, बाई."

मी पेन काढलं, दोनशे बारा खोडलं, वर दोनशे एकतीस लिहिलं आणि खोडलेल्या जागी पुन्हा सही केली.

"ही भिंत मी काढली. एकोणीस खुंट्या मी विसरले, ती माझी चूक. पण काल मला सगळं माहीत होतं आणि तरी मी सही केली. त्याला चूक म्हणत नाहीत. काय दर्जा द्यायचा तो द्या, नाहीतर काहीच देऊ नका."

"मॅडम, तुम्ही काय करताय ते कळतंय का?" रणधीरसाहेबांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "तुमचीच बिल्डिंग आहे ही!"

"माझी आहे म्हणूनच बोलतेय. पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणाला होता, माणसं सगळी सारखी. मग घ्या ते झाकण, आणि प्या चहा."

त्यांनी झाकण घेतलं नाही. पण चंद्राक्कानंही हात मागं घेतला नाही. शेवटी तेच उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

त्या वर्षी दाखला मिळाला नाही. कागलचं काम मुंबईच्या एका फर्मला गेलं आणि मी राजारामपुरीची खोली सोडून दोन वर्षं घरच्या जेवणाच्या टेबलावर नकाशे काढले. बायकांना मात्र कुणी काढू शकलं नाही, कारण त्यांची दहा नावं सबनीस बाईंच्या अहवालात वेळेसकट उतरली होती. पुढच्या वर्षी दाखल्यासाठी रणधीरसाहेबांनी एक स्वच्छतागृह वाढवलं, नळ बदलले आणि खुंट्या लावायला मलाच बोलावलं. एकोणीस खुंट्यांची एक ओळ मी खाली काढून दाखवली, तर चंद्राक्का म्हणाली, "खाली नगं. मधी मधी लावा, इखुरलेल्या." सगळी भिंत उतरवून पुन्हा लावली. मासिकानं तिचा फोटो पुन्हा काही मागितला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी काय झालं, ते सांगायचं राहिलं. बायकांनी चहा सावकाश संपवला. चंद्राक्कानं डब्याला झाकण लावलं, पिशवीत टाकलं, आणि सगळ्या उठल्या. बारा उष्टे कप टेबलावर तसेच.

देशिंगकरांचा आवाज एकदम मऊ आला. "चंद्राक्का, आलाच आहात तर जाता जाता एवढे कप..."

दारातून ती वळली. गळ्यातला बिल्ला त्यांना दिसेल असा दोन बोटांत धरला.

"पावण्यास्नी कप धुवाय लावत न्हाईत, सायेब," ती म्हणाली. "येतो आमी."